वँडरबिल्ट ४०, अलाबामा ३५ : हा गाफीलपणाचा निकाल नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही यंदाच टस्कलूसाला, अलाबामा विद्यापीठात, शिकायला आलात, अमेरिकन फुटबॉलची नुकती गोडी लागली आणि गेल्या शनिवारी, ५ ऑक्टोबर २०२४ ला, देशात पहिल्या क्रमांकावर असलेला तुमचा अलाबामा संघ नॅशव्हिलमध्ये तिथल्याच वँडरबिल्ट विद्यापीठाकडून हरला. तुमच्या विभागातले सगळे म्हणतात की आदल्या आठवड्यात जॉर्जियाला हरवून मुलं हवेत होती, गाफील राहिली, म्हणून हरली. वँडरबिल्टचं नशीब फळफळलं, एवढंच. हे खरं का?

नाही. माझा कल आधीच सांगतो. मी नॅशव्हिलकर आहे, वँडरबिल्टचा चाहता आहे आणि इथल्या हायस्कूल संघांबरोबर ऑफेन्सिव्ह लाइनचा (चेंडू असलेल्या संघाची सगळ्यात पुढची, समोरच्याला अडवणारी पाच जणांची फळी) सहायक प्रशिक्षक म्हणून बरेच हंगाम काढले आहेत. चाहता म्हणून शनिवारी मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. पण खाली जे लिहितोय ते सामना दोनदा पुन्हा लावून, चेंडू सोडून लाइनकडे बघत, काढलेलं मत आहे.

सुरुवात एका आकड्याने करतो, कारण अख्खा सामना त्या आकड्यात आहे. साठ मिनिटांपैकी ४२ मिनिटं ८ सेकंद चेंडू वँडरबिल्टकडे होता. अलाबामाच्या वाट्याला आली १७ मिनिटं ५२ सेकंद. गाफील राहिलेला संघ पास सोडतो, फाउल करतो, उशिरा जागा होतो. पण तो गाफील आहे म्हणून समोरच्याला बेचाळीस मिनिटं चेंडू सांभाळता येत नाही. त्यासाठी समोरच्याने आधीपासून ठरवून, सरावात घोटून, प्रत्येक डावाला तेच करायचं असतं.

जे या खेळात नवे आहेत त्यांच्यासाठी : चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार डाउन, याला फर्स्ट डाउन म्हणतात. चौथ्या डाउनला बहुतेक संघ चेंडू लाथेने लांब टोलवून देतात, म्हणजे खरा निकाल तिसऱ्या डाउनला लागतो. वँडरबिल्टने तिसऱ्या डाउनच्या १८ पैकी १२ वेळा दहा यार्डांची मर्यादा पार केली. कॉलेजच्या पातळीवर चाळीस टक्क्यांच्या आसपास असलात तरी प्रशिक्षक खूश असतो. इथे सदुसष्ट टक्के, आणि समोर कोण, तर अलाबामा, जिथे राखीव फळीतला पोरगाही देशातल्या नामांकित भरतीतला असतो.

हे जमलं कसं? तुम्ही आकडे पाहिलेत तर चक्रावाल. क्वार्टरबॅक (डाव चालवणारा, पास टाकणारा) डिएगो पाविया २० वेळा चेंडू घेऊन धावला आणि मिळाले ५६ यार्ड. रनिंग बॅक सेड्रिक अलेक्झांडर २१ वेळा धावला, ६४ यार्ड. दोघांची मिळून सरासरी धावेमागे तीन यार्डही नाही. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटणार, हे तर काहीच चालत नाहीये. पण पहिल्या डाउनला तीन, दुसऱ्याला साडेतीन, की तिसऱ्याला राहतात साडेतीन. साडेतीन यार्ड हवे असताना बचाव करणाऱ्या संघाला धाव आणि पास दोन्हींची भीती असते. आठ-नऊ यार्ड हवे असतील तर त्याला फक्त पासची भीती, आणि मग त्याचे धिप्पाड एज रशर, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारे, मोकाट सुटतात. अलाबामाच्या त्या मोकाट सुटणाऱ्या मुलांना शनिवारी सुटायची संधीच फारशी मिळाली नाही. आमच्या लाइनच्या धंद्यात या तीन यार्डांसाठी जी मारामारी असते, ती कुणाच्या हायलाइट्समध्ये येत नाही. सेंटर आणि गार्डने (लाइनच्या मधल्या खेळाडूंनी) मिळून बचावाच्या पुढच्या फळीतल्या टॅकलला अर्धं पाऊल मागे रेटायचं आणि मग दोघांपैकी एकाने वेळेवर सुटून दुसऱ्या फळीतला लाइनबॅकर गाठायचा. हे अर्धं पाऊल वँडरबिल्टच्या पाच जणांनी सामनाभर मिळवलं. समोरच्याला लोळवलं नाही, तेवढी ताकद त्यांच्यात नाही. पण ते स्वतः मागे रेटले गेले नाहीत.

आता गणित बघा. दोन्हीकडे अकरा अकरा खेळाडू. क्वार्टरबॅकने चेंडू दुसऱ्याच्या हातात दिला की तो स्वतः खेळातून बाद होतो, म्हणजे दहा जण अकरांशी लढतात. क्वार्टरबॅक स्वतः धावणारा असेल तर हिशेब बरोबरीचा होतो. त्याउपर ऑप्शन खेळलात, म्हणजे बचावातल्या टोकाच्या खेळाडूला मुद्दाम कुणीच अडवलं नाही आणि तो ज्या बाजूला झुकेल त्याच्या उलट क्वार्टरबॅकने चेंडू नेला किंवा दिला, तर समोरचा एक गडी हात न लावता कामातून गेला. वँडरबिल्टचा टिम बेक हा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची आखणी करणारा प्रशिक्षक, हेच खेळतो : स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधी खेळाडूंची सतत हलवाहलव, दोन टाइट एंड (समोरच्याला अडवणारे आणि पासही झेलणारे), ऑप्शन, आणि तेच चित्र दाखवून मधूनच बचावाच्या पाठीमागे पास. त्या मधूनच येणाऱ्या पासने खरी हाडं मोडली. पावियाने २० पैकी १६ पास पूर्ण केले, २५२ यार्ड, २ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं). टाइट एंड इलाय स्टॉवर्सने ६ झेलांत ११३ यार्ड घेतले. सेफ्टी, म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा खेळाडू, धाव अडवायला दोन पावलं पुढे आला की स्टॉवर्स त्याच्या पाठीमागे.

तिसऱ्या क्वार्टरमधला तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. अलाबामाने २३-१४ वरून अंतर २३-२१ पर्यंत आणलं होतं. स्टेडियममधली निम्मी माणसं लाल कपड्यांतली, त्यांचा आवाज चढलेला. चौथा डाउन, हवा फक्त एक यार्ड, चेंडू अलाबामाच्या ३६ यार्डांच्या रेषेवर. सगळ्या जगाला वाटलं की पाविया मधून घुसणार. अलाबामाच्या बचावालाही तसंच वाटलं, सगळे पुढे दाटले. पावियाने मधोमध पास टाकला, ज्युनियर शेरिलने पकडला आणि थेट टचडाउन. याला मी नशीब म्हणणार नाही. तासभर तीन तीन यार्ड मारत राहिल्यामुळे ते ३६ यार्ड उघडे पडले. तेवढ्या धावा आधी झाल्या नसत्या तर त्या चौथ्या डाउनला सेफ्टी मागेच उभा राहिला असता.

घड्याळाबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण इकडे त्यावर फार कमी बोललं जातं. २०२३ पासून कॉलेज फुटबॉलमध्ये फर्स्ट डाउन मिळाला की घड्याळ थांबत नाही. दोन्ही अर्धांची शेवटची दोन मिनिटं तेवढी अपवाद. पूर्वी दर फर्स्ट डाउनला चेन (दहा यार्ड मोजणारी साखळी) पुढे सरकेपर्यंत घड्याळ थांबायचं. हा बदल झाला आणि सावकाश खेळणाऱ्या संघाच्या हातात कोलीत मिळालं. पाविया प्ले क्लॉकचे (पुढचा डाव सुरू करायला मिळणाऱ्या वेळेच्या घड्याळाचे) चाळीसपैकी पस्तीस सेकंद जाऊ देत होता. शिवाय २०२४ पासून हेल्मेटमध्ये रेडिओ आला आहे : प्रत्येक बाजूच्या एका खेळाडूला प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येतो, पण प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की तो बंद होतो. म्हणजे स्नॅप पाच सेकंद उरले असताना घेतलात तर मधली दहा सेकंदं मैदानातली पोरं एकटी असतात. त्या दहा सेकंदांत वँडरबिल्टची हलवाहलव चालायची आणि अलाबामाच्या बचावाला सगळी जुळवाजुळव बाकावरून मदत नसताना करायची होती. हे मुद्दाम केलं का, हे मला बेकनेच सांगितलं पाहिजे. परिणाम मात्र फिल्मवर दिसतो : अलाबामाचे लाइनबॅकर आणि सेफ्टी स्नॅपच्या क्षणीही एकमेकांना हातवारे करत आहेत, एक पाय अजून बाजूला सरकतोय.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर समोर धडाकेबाज फलंदाजी असलेला संघ होता आणि वँडरबिल्टने त्याला वीसऐवजी बाराच षटकं खेळायला दिली. त्या बारा षटकांत तो संघ बडवणार हे गृहीत धरलेलं होतं. बडवलंही.

आणि इथे चाहता म्हणून नव्हे तर प्रशिक्षक म्हणून बोललं पाहिजे. आमच्या बचावाने अलाबामाला रोखलं नाही. १७ मिनिटं ५२ सेकंदांत ३५ गुण म्हणजे साधारण दर तीस सेकंदांना एक गुण. अलाबामाच्या क्वार्टरबॅक जेलन मिलरोने २४ पैकी १८ पास पूर्ण करून ३१० यार्ड काढले, एका झेलामागे सतराहून जास्त. त्याचे पास झेलणाऱ्या सतरा वर्षांच्या रायन विल्यम्सला कुणालाच आवरता आलं नाही. तो पोरगा पुढची दोन वर्षं आमच्या कॉन्फरन्समधल्या (विद्यापीठांच्या गटातल्या) प्रत्येक प्रशिक्षकाची झोप उडवणार आहे. मुख्य प्रशिक्षक क्लार्क ली २०२४ च्या हंगामात बचावाचे डाव स्वतः सांगतो, आणि या बाबतीत त्याच्यापुढे काम वाढून ठेवलेलं आहे. चेंडू तीस-बत्तीस मिनिटं जरी अलाबामाकडे असता तरी निकाल उलटा लागला असता, याबद्दल मला शंका नाही.

नशीब होतं का? थोडं होतं. पहिल्या क्वार्टरमध्ये रँडन फाँटेनेटने मिलरोचा पास मध्येच पकडून २९ यार्ड पळत टचडाउन केला आणि धावफलक १३-० झाला. असे सहा गुण रोज मिळत नाहीत. त्यानंतरचा एक गुणाचा किक मात्र हुकला, हेही त्याच खात्यात मांडा. चौथ्या क्वार्टरमध्ये मागून आलेल्या धडकेत मिलरोच्या हातून चेंडू सुटला, तो वँडरबिल्टने उचलला. पण सुटलेला चेंडू उचलायला तिथे माणूस लागतो, आणि धडक मारायला ब्लॉकरला चुकवून कुणीतरी पोचावं लागतं. वँडरबिल्ट एकदाही मागे पडलं नाही, हे तर विसरूच नका. पहिल्या ड्राइव्हला (चेंडू हाती आल्यावरच्या सलग चढाईला) टचडाउन, मध्यंतराला २३-१४, आणि ४०-३५ झाल्यावर अडीच मिनिटांहून थोडा जास्त वेळ उरला असताना चेंडू घेऊन तो शेवटपर्यंत सोडलाच नाही. सगळ्यांना माहीत होतं की आता फक्त धावणार, तरी फर्स्ट डाउन मिळवले. माझ्या लेखी सामन्यातला सगळ्यात मोठा पराक्रम तो शेवटचा ड्राइव्ह आहे, आणि त्यात एकही गुण नाही.

आता तुमच्या मित्रांच्या जॉर्जियाच्या मुद्द्याकडे येतो. २८ सप्टेंबरला अलाबामाने जॉर्जियाला ४१-३४ हरवलं, तेव्हा आधी २८-० अशी आघाडी होती. ती आघाडी पूर्ण गेली, जॉर्जिया ३४-३३ पुढे गेली, आणि मिलरोने विल्यम्सला टाकलेल्या ७५ यार्डांच्या पासने सामना वाचला. जॉर्जियाच्या कार्सन बेकने त्या रात्री ४३९ यार्ड पास केले. म्हणजे अलाबामाचा बचाव मधोमध उघडा पडतोय हे त्या रात्रीच दिसत होतं, फक्त विजयाच्या गुलालात कुणी बघितलं नाही. बघितलं ते नॅशव्हिलमध्ये, कारण त्या शनिवारी वँडरबिल्टला सुट्टी होती. २१ सप्टेंबरला मिझुरीविरुद्धचा सामना झाल्यावर थेट ५ ऑक्टोबर. दोन आठवडे तयारी, आणि त्यात अलाबामाचा ताजा सामना अभ्यासाला. गाफीलपणापेक्षा हे कारण मला कितीतरी जास्त पटतं.

तुमचा आधीचा मुख्य प्रशिक्षक निक सेबन जानेवारीत निवृत्त झाला आणि केलन डीबोर वॉशिंग्टनहून आला, त्यामुळे तुमच्याकडे आता प्रत्येक पराभवाचं खापर नव्या प्रशिक्षकावर फुटणार. एवढ्यात तसं करू नका. सेबनच्या काळातही धावणाऱ्या क्वार्टरबॅकने अलाबामाला छळलेलं आहे. डीबोरच्या बाकावर त्याचं आक्रमण अत्यंत देखणं चाललं आहे. त्याला चेंडू मिळाला पाहिजे, हा प्रश्न आहे.

वँडरबिल्टची माणसं कुठून आली, हे कळल्याशिवाय हा विजय समजत नाही. २०२३ चा हंगाम २ विजय, १० पराभव, आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये आठही सामने गमावलेले. लीची नोकरी राहते की जाते अशी चर्चा होती. ली नॅशव्हिलचाच, वँडरबिल्टमध्येच फुलबॅक म्हणून खेळलेला. त्याने हंगामानंतर जे केलं ते धाडसाचं होतं : न्यू मेक्सिको स्टेट या छोट्या विद्यापीठाच्या संघाचा जवळजवळ अख्खा मेंदू उचलून आणला. तिथला मुख्य प्रशिक्षक जेरी किल सल्लागार म्हणून आला, टिम बेक कोऑर्डिनेटर म्हणून आला, पाविया आला, स्टॉवर्स आला. ट्रान्स्फर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) इतर विद्यापीठं एकेक चमकता खेळाडू गोळा करतात आणि मग त्यांना एकमेकांची सवय होईपर्यंत हंगाम संपतो. इथे पद्धत, ती शिकवणारे आणि ती खेळणारे एकत्र आले. अलाबामासारख्या संघाविरुद्ध खेळाडूंच्या बाजारात वँडरबिल्ट कधीच जिंकणार नाही. सवयीच्या बाजारात जिंकता येतं.

पाविया हा अल्बुकर्कीचा. हायस्कूलनंतर मोठ्या विद्यापीठांपैकी कुणी विचारलं नाही. न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, २०२१ मध्ये तिथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, मग न्यू मेक्सिको स्टेट. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच संघाने ऑबर्नला ऑबर्नच्याच मैदानावर ३१-१० असं हरवलं होतं. तुमच्या अलाबामा राज्यात बसून लोक शनिवारी विचारत होते, हा कोण? अकरा महिन्यांपूर्वी तो तुमच्या राज्यात येऊन हेच करून गेला होता.

स्टॉवर्सची गोष्टही मला फार आवडते. हा मुळात क्वार्टरबॅक, टेक्सस ए अँड एमला गेलेला. पुढे टाइट एंड झाला. क्वार्टरबॅकच्या डोक्याने धावणारा टाइट एंड म्हणजे काय, ते शनिवारी दिसलं. पावियाला अडचण आली की हा बरोबर त्या जागी जाऊन उभा, जिथे स्वतः क्वार्टरबॅक असताना त्याला कुणीतरी हवं असायचं.

आणि या पद्धतीची चाहूल आधीच्या चार सामन्यांतही होती. व्हर्जिनिया टेकला ओव्हरटाइममध्ये ३४-२७ हरवलं. सातव्या क्रमांकावरच्या मिझुरीला मिझुरीच्या घरी दोन ओव्हरटाइमपर्यंत खेचलं आणि ३०-२७ हरलो. जॉर्जिया स्टेटकडून ३६-३२ असा शेवटच्या क्षणी झालेला पराभव मला अजून सलतो, तो व्हायलाच नको होता. पण दिसतं काय? सावकाश खेळून सामना छोटा करायचा म्हणजे तो कमकुवत संघाविरुद्धही शेवटपर्यंत अटीतटीचा राहतो. या पद्धतीची किंमत ती आहे. वँडरबिल्ट कुणालाच पन्नास गुणांनी बदडणार नाही (अल्कॉर्न स्टेटचा अपवाद), आणि म्हणून पुढे आणखी एखाद्या दुबळ्या संघाकडून हरलं तरी मला धक्का बसणार नाही.

आमच्यासाठी हे इतकं मोठं का, तेही सांगतो. वँडरबिल्ट या कॉन्फरन्सचं संस्थापक सदस्य आहे आणि तिच्यातलं एकमेव खासगी विद्यापीठ. डॅन मॅकगुगिन प्रशिक्षक होता तेव्हा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दक्षिणेत या संघाचा दरारा होता. १९२२ मध्ये आमचं मैदान सुरू झालं ते मिशिगनला ०-० रोखून. त्यानंतर हळूहळू सगळं ओसरलं. अलाबामाविरुद्ध याआधीचा विजय १९८४ चा, टस्कलूसात. नॅशव्हिलमधला त्याआधीचा १९६९ चा, १४-१०, समोर अलाबामाचा ख्यातनाम प्रशिक्षक बेअर ब्रायंटचा संघ. १९८४ नंतर ओळीने २३ पराभव. देशातल्या पहिल्या पाचांतल्या संघाविरुद्ध आजवर ६० सामने आणि साठही गमावलेले. पहिल्या क्रमांकाच्या संघाला तर या विद्यापीठाने इतिहासात कधीच हरवलं नव्हतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा, तिथले जुने पदवीधर, शेवटचा स्नॅप झाला तेव्हा उठलेच नाहीत, दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिले. पोरं मैदानात घुसली, गोलपोस्ट उपटला, ब्रॉडवेवरून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला. कॉन्फरन्सने विद्यापीठाला एक लाख डॉलर दंड केला. गर्दीत कुणी चेंगरलं जाऊ नये म्हणून तो नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या संध्याकाळी मी त्या मुलांना अडवायला गेलो नसतो.

एका गोष्टीत तुमचे मित्र अगदी बरोबर आहेत : दोन्ही संघ दहा वेळा खेळले तर अलाबामा बहुधा आठ वेळा जिंकेल. सामन्याआधी सट्टेवाले अलाबामाला २२-२३ गुणांनी वरचढ मानत होते, तेही उगाच नाही. फक्त उरलेल्या दोन वेळा कशा येतात, ते बघण्यासारखं आहे.

या शनिवारी वँडरबिल्ट केंटकीशी लेक्सिंग्टनमध्ये खेळतंय, आणि तो सामना मला अलाबामापेक्षा अवघड वाटतो. केंटकीने २८ सप्टेंबरला ओले मिसला (मिसिसिपी विद्यापीठाला) २०-१७ हरवलं ते स्वतः चेंडू दाबून ठेवूनच. म्हणजे दोघंही सावकाश खेळणारे. अशा सामन्यात जो आधी दहा गुणांनी मागे पडेल त्याला घाई करावी लागेल, आणि घाईत पावियाचा संघ कसा खेळतो हे शनिवारी आपण पाहिलंच नाही, कारण तशी वेळच आली नाही. तुमच्याकडे त्याच दिवशी साउथ कॅरोलायना येतेय. तो सामना बघताना प्रत्येक स्नॅपला प्ले क्लॉकवर किती सेकंद उरलेत, तेवढं नोंदवा. दहाच्या आत आकडे वारंवार दिसू लागले, तर समजा की नॅशव्हिलची फिल्म त्यांनीही लावून पाहिली आहे.